झोपलेल्या डोळ्यांचं झाड

शाळेच्या कुंपणाला लावलेली कोयनेल माळीकाका छाटतात, ते तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. मोठ्ठी कात्री, कचाकच आवाज आणि खाली हिरवा ढीग! दोन-चार दिवस कुंपण अगदी बोडकं दिसतं. पण पावसाळा असला तर बघता बघता पुन्हा हिरवंगार होतं, तेही आधीपेक्षा दाट. त्यामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसलेला असतो. झाड छाटलं की ते फुटतंच!

आता हीच कात्री घेऊन जरा थंड मुलखात जाऊ या. तिथे पाइनची झाडं असतात, सुईसारख्या पानांची. पाइनच्या फांदीवर जिथवर हिरव्या सुया आहेत तिथवर कापलंत तर ठीक. पण त्याच्या मागे, जिथे फांदी जुनी आणि उघडी झाली आहे तिथे कात्री चालवलीत, तर बहुतेक वेळा ती फांदी संपलीच म्हणून समजा. कितीही खत घाला, पाणी घाला, ती वाळून जाते. जुनिपरचं तेच, सायप्रसचं तेच. अशा झाडांना सूचिपर्णी म्हणतात, आणि या गटातली बहुतेक मंडळी जुन्या लाकडातून पुन्हा फुटायला तयार नसतात.

याच गटात एक झाड मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचं आहे. त्याचं नाव यू.

यूची पानं गर्द हिरवी, चपटी, साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांब. वाढ इतकी सावकाश की आपल्या शेवग्यानं हसावं! शेवगा एका वर्षात घराच्या पत्र्यापर्यंत पोचतो, आणि यू बिचारा वर्षाला वीतभर वाढला तरी पुष्कळ. पण आयुष्य म्हणाल तर शेकडो वर्षांचं. स्कॉटलंडमध्ये फॉर्टिंगल नावाच्या गावी चर्चच्या आवारात एक यू आहे, तो दोन हजार वर्षांहून जुना असावा असा अंदाज आहे. यूमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. फॉर्टिंगलचा यू नर म्हणूनच प्रसिद्ध होता. पण २०१५ साली त्याच्या एका फांदीला चक्क लाल फळं धरली! एवढ्या म्हाताऱ्या झाडाच्या अंगात अजून काय काय दडलेलं असतं, ते बघा.

जपानमध्येही यू आहे. तिथे त्याला 'इचिई' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'पहिली श्रेणी'. पूर्वी दरबारातले मानकरी हातात एक लाकडी पट्टी धरून उभे राहत, ती या झाडाच्या लाकडाची करत. आणि जपान म्हटलं की बॉन्साय आलंच. 'बॉन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणं. तोक्योला १९२३ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या बॉन्साय करणाऱ्या माळ्यांनी मोकळ्या जागेच्या आणि चांगल्या माती-पाण्याच्या शोधात गाव सोडलं, आणि १९२५ साली ओमिया इथे बॉन्सायची एक वसाहतच वसवली. ती आजही आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. बॉन्साय म्हणजे बुटक्या जातीचं झाड नव्हे. त्याचं बी जमिनीत पेरलं तर नेहमीसारखं मोठं झाडच उगवेल. कुंडीतलं झाड लहान राहतं ते मुळं आणि फांद्या वेळोवेळी कापल्यामुळे. "म्हणजे झाडाचा छळच की हो हा!" असं पुष्कळांचे आजी-आजोबा म्हणतात. आमच्या मते याचं उत्तर कापण्यात नाही, निगा राखण्यात आहे. उपाशी ठेवून, कोरडं ठेवून खुरटवलेलं झाड हा छळच. पण नीट छाटलेलं, खत-पाणी-ऊन मिळालेलं बॉन्साय सांभाळणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत जगतं.

मग यूचं बॉन्साय छाटतात तरी का? कारण झाड आपल्या मनानं वाढलं तर सगळी हिरवाई फांद्यांच्या टोकाला पळते. मधली जागा उघडी पडते. मोठ्या झाडात ते खपून जातं, पण दीड-दोन फुटांच्या झाडात खोडाजवळ पानंच नसली तर ते झाड न वाटता खराटा वाटतो. तेव्हा नवी पालवी हवी असते ती आत, जुन्या लाकडावर. पाइनच्या बाबतीत हा हट्ट बहुधा वायाच जातो. यूच्या बाबतीत तो पुरवला जातो.

कसा? त्यासाठी एक शब्द समजून घेऊ. आपले माळी अंकुराला 'डोळा' म्हणतात. गुलाबाचा डोळा भरला, उसाचा डोळा फुटला, असं आपण ऐकतो. यूच्या जुन्या सालीत असे कितीतरी डोळे मिटून पडलेले असतात. काही तर वर्षानुवर्षं. वरचा शेंडा जोरात वाढत असतो तोवर ते उघडत नाहीत.

शेंडा त्यांना दाबून ठेवतो, हे माळ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. कशानं दाबून ठेवतो, हे शोधायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. वाढणाऱ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते खोडातून खाली उतरतं. थिमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली एक झकास प्रयोग केला. त्यांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला. नेहमीप्रमाणे बाजूचे डोळे फुटू लागले. मग दुसऱ्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी त्यांनी ऑक्झिन ठेवलं. आता शेंडा तर नव्हता, पण डोळे मात्र मिटलेलेच राहिले! जणू वर्गात बाई नाहीत, पण खुर्चीवर त्यांची छडी ठेवलेली आहे.

पण गोष्ट तिथेच संपली नाही. २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की शेंडा कापल्यावर ऑक्झिन कमी होण्याच्या आधीच खालचे डोळे हलू लागतात. मग त्यांना जाग कोण आणतं? साखर! पानांत तयार होणाऱ्या साखरेतला मोठा वाटा शेंडा ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांना मिळते. थोडक्यात, डोळे नुसते दबलेले नसतात, उपाशीही असतात.

हे तुम्हांला घरच्या घरी बघता येईल. दोन कुंड्यांत हरभरा पेरा. रोपं वीतभर झाली की एका कुंडीतल्या रोपांचे शेंडे खुडा, दुसरीतल्यांना हात लावू नका. खुडलेल्या रोपांना बाजूच्या फांद्या किती फुटतात ते मोजून वहीत लिहा. शेतकरी हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते याचसाठी, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते ती वेगळीच!

आता परत यूकडे येऊ. डोळे आहेत, ते जागे होतात, हे कळलं. मग घेतली कात्री आणि कापला शेंडा, असं करायचं का? मुळीच नाही. डोळा उघडायला साखर लागते, हे आत्ताच आपण पाहिलं. ती झाडाच्या साठ्यातून येणार. ज्या झाडाचा साठा रिकामा आहे, त्याला छाटणं म्हणजे आजारातून उठलेल्या मुलाला पळण्याच्या शर्यतीत उभं करणं.

म्हणून यू छाटण्याची पहिली पायरी म्हणजे न छाटणं. युरोपात कुणाच्या तरी बागेतलं यूचं जुनं कुंपण काढून टाकायचं असतं, तेव्हा बॉन्सायचे शौकीन त्यातले बुंधे मुळांसकट उपसून आणतात. मांडीएवढा जाड, वेडावाकडा, फारच सुंदर बुंधा! तो बघून हात शिवशिवतात. पण जाणता माणूस त्याला मोकळ्या, भुसभुशीत, पाणी साचणार नाही अशा मातीत लावतो आणि पुढचं वर्षभर, कधी दोन वर्षं, नुसतं खत, पाणी आणि ऊन देत राहतो. फांद्या हव्या तशा वाढू देतो, कारण जितकी पानं तितकी साखर. यूला ओलावा आवडतो, पण मुळांशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळं कुजली की सगळी मेहनत पाण्यात. आणखी एक गोष्ट, ज्या वर्षी मुळं कापून कुंडी बदलली त्या वर्षी फांद्यांची मोठी छाटणी करायची नाही. एका वेळी एकच दुखणं!

झाड तरतरीत झालं, म्हणजे मोठ्या छाटणीची वेळ. ती हिवाळा सरता सरता, नवी पालवी फुटण्याच्या थोडी आधी करतात. तेव्हा साठा भरलेला असतो आणि समोर वाढीचा सगळा मोसम असतो. लांबलेल्या फांद्या आखूड करायच्या. निरोगी यू अगदी उघड्या लाकडापर्यंत कापला तरी बहुधा फुटतो. तरीही सावध माणूस प्रत्येक फांदीवर थोडी हिरवळ ठेवतो, आणि ते बरंच. इंग्लंडमध्ये यूची म्हातारी कुंपणं अशीच तरुण करतात. एका वर्षी कुंपणाची एक बाजू थेट खोडापर्यंत कापायची, दुसरीला हात लावायचा नाही. ती दुसरी बाजू पहिलीला पोसते. पहिली नीट फुटली, की मग पुढे दुसरीची पाळी.

कापल्यानंतर काय दिसतं? बरेच दिवस काहीच नाही. मग एके दिवशी जुन्या तपकिरी सालीवर, पूर्वी कधी काही कापलं होतं त्या गाठीपाशी बहुतेक, मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसतात. एक, दोन, मग पुंजकाच. आतल्या फांद्यांवर ऊन पोचलं तर हे लवकर होतं, म्हणून वरची गर्दी विरळ करतात. आणि काही झाडं त्या वर्षी काहीच दाखवत नाहीत, पुढच्या वसंतात दाखवतात. घाबरून पुन्हा कापाकापी करणारे लोकच यू मारतात.

त्या हिरव्या ठिपक्यांना पहिला मोसम हात लावायचा नाही. ते वाढू देत, मुळांना साखर पाठवू देत. पुढे त्यांतले नको तिथले काढायचे आणि एका जागी एक-दोनच ठेवायचे, नाहीतर तिथे गाठ सुजते आणि खोडाची शोभा जाते.

नव्या कोंबांची टोकं उन्हाळाभर नखांनी खुडत राहणं, हा पूर्वी फार चालणारा प्रकार. त्यानं झाड नीटनेटकं दिसतं खरं, पण हळूहळू थकतं. त्यापेक्षा कोंब दोन-तीन इंच वाढून जरा निबर होऊ द्यावा, आणि उन्हाळ्याच्या मध्यावर चार-सहा पानं ठेवून कापावा. मग मागच्या डोळ्यांना जोर मिळतो. कापताना कात्रीचं पातं पानांमधून जाऊ द्यायचं नाही, फक्त काडी कापायची. अर्धवट कापलेल्या पानाचं टोक तपकिरी पडतं, आणि छोट्या झाडावर ते लगेच डोळ्यांत भरतं. यूचा जोर नेहमी वर आणि टोकाला. तेव्हा वरच्या फांद्या कडक कापायच्या आणि खालच्या, अशक्त फांद्यांना वाढू द्यायचं. घरातल्या थोरल्याला जरा दटावून धाकट्याच्या ताटात जास्त वाढायचं, तसं.

आणि जी फांदी नाहीच फुटली, तिचं काय? ती वाया जात नाही. तिची साल सोलून लाकूड पांढरं शुभ्र उघडं ठेवतात. वीज पडलेल्या डोंगरी झाडासारखं ते दिसतं. जपानी भाषेत अशा फांदीला 'जिन' म्हणतात. यूचं लाकूड इतकं चिवट, की सहसा कुजत नाही. १९९१ साली आल्प्स पर्वतातल्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ एक अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, तेही यूचंच!

आई-बाबांसाठी एक सूचना. यूची पानं, साल, बी, सगळं विषारी असतं, वाळलेलं असलं तरी. त्यातल्या टॅक्सिन नावाच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो. छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकल्या आणि त्या खाऊन गुरं, घोडी मेली, असं तिकडे पुष्कळदा घडलं आहे. लाल फळातला गर तेवढा विषारी नसतो, पण त्याच्या पोटात बी असतं. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत यू सहसा टिकत नाही, पण परदेशात किंवा हिमालयात सहलीला गेलात तर ही चिमुकली लाल फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका.

याच विषारी झाडात दुसरं एक द्रव्य आहे. त्याची गोष्ट आपल्या नंदुरबारशी जाऊन पोचते.

१९६२ साली अमेरिकेचं सरकार हजारो वनस्पती गोळा करून तपासत होतं. कुठल्यातरी झाडात कर्करोगावरचं औषध सापडेल, ही आशा. आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून तिथल्या यूची साल आणि फांद्या आणल्या. पुढे हे काम नॉर्थ कॅरोलिनातल्या एका प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आलं. हे वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. दोघांनी सालीतून ते द्रव्य वेगळं केलं, त्याला टॅक्सॉल नाव दिलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. शरीरातली पेशी दुभंगून दोन होताना आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडला जातो. टॅक्सॉल तो मोडूच देत नाही. मग पेशीला दुभंगता येत नाही. सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली हे दाखवून दिलं. १९९२च्या डिसेंबरात अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

पण एक मोठी अडचण होती. औषध सालीत होतं आणि तेही अगदी थोडं. शंभर वर्षांच्या झाडापासून साधारण तीन किलो साल निघे, आणि तेवढ्यातून जेमतेम एका खेपेपुरतं औषध. आणि साल सोललेलं झाड जगत नसे.

इथे तुम्ही म्हणाल, जुन्या लाकडातूनसुद्धा फुटणारं झाड साल सोलल्यावर का मरावं? कारण पानांतली साखर मुळांपर्यंत जाण्याची वाट सालीच्या आतल्या थरातूनच असते. साल गेली की ती वाट तुटते आणि मुळं उपाशी मरतात. आणि ते मिटलेले डोळे? तेही सालीतच होते. फांदी कापणं आणि साल सोलणं यांत एवढा फरक आहे.

सुटका केली ती छाटणीनं. फ्रान्समधल्या पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलच्या अगदी जवळचं एक द्रव्य शोधलं. त्याच्यापासून प्रयोगशाळेत टॅक्सॉल करता येतं, शिवाय डोसेटॅक्सेल नावाचं दुसरं औषधही करता येतं. आता झाड मारायची गरज उरली नाही, पानं पुरेशी होती, आणि छाटलेल्या यूला पुन्हा पानं येतातच. इंग्लंडमध्ये लेव्हेन्स हॉल नावाच्या वाड्यात १६९४ सालापासून वाढवलेली बाग आहे. तिथे यू छाटून छाटून छत्र्या, मनोरे, बुद्धिबळातली प्यादी असे आकार केले आहेत. अशा कुंपणांची तिकडे काय कमी! एरवी जळणात जाणारी त्यांची कात्रण कितीतरी बागांतून पोती भरभरून औषधासाठी जाऊ लागली. अट एवढीच, की ती त्याच वर्षीची कोवळी वाढ हवी, जुनी फांदी नको. म्हणजे दरवर्षी वेळेवर छाटणी करणाऱ्याचाच माल चालणार! पुढे यूच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून टॅक्सॉल काढण्याची रीत निघाली. तिला २००४ साली अमेरिकेत पुरस्कारही मिळाला.

आपल्या हिमालयातला यू मात्र अजून संकटात आहे. गढवालात त्याला थुनेर म्हणतात. लोक त्याची साल चहासारखी उकळून पितात. त्यात औषधाची मागणी वाढली आणि जंगलंच्या जंगलं ओरबाडली गेली. १९९५पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत, आणि धोक्यातल्या झाडांच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे. बियांपासून त्याची रोपं करायची तर बी रुजायलाच वर्ष-दीड वर्ष घेतं. म्हणून अल्मोड्याजवळच्या गोविंद बल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्थेत छाटलेल्या फांद्यांपासून रोपं करण्यावर काम झालं. बोटभर काड्या कापायच्या, त्यांची खालची टोकं ऑक्झिनच्या जातीच्या द्रव्यात बुडवायची आणि ओलसर मातीत खोचून ठेवायच्या. शेंड्यातून उतरून डोळे मिटून ठेवणारं ऑक्झिन ते हेच. काडीच्या बुडाला लावलं की तिथे मुळं फुटतात.